आर्किटेक्चर-डिझाइनचा विद्यार्थी क्लब: दर दोन वर्षांनी बंद पडतो, या वेळी काय वेगळं करावं?

अर्धा_खण (प्रश्न)

नमस्कार. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कॉलेजात बी.आर्च.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याच इमारतीत इंटिरिअर डिझाइनचा कोर्सही चालतो. दोन्हीकडच्या मुलांचा मिळून एक क्लब कागदोपत्री आहे. दर दोन वर्षांनी त्याचं पुन्हा उद्घाटन होतं, पाहुण्यांची दोन व्याख्यानं होतात, टी-शर्ट छापले जातात आणि मग सामसूम. आता प्राचार्यांनी एका पानाचा प्रस्ताव मागितला आहे.

हाताशी काय आहे ते सांगतो. साधारण ६० सभासद होतील. ३०० रुपये वर्गणी धरली तर १८,००० जमतात, वर कॉलेज १५,००० देणार, म्हणजे वर्षाचे ३३,०००. एक रिकामी खोली आहे, कपाट नाही.

विचारायचं ते असं:

१. क्लबने वर्षभरात नेमकं काय करावं, आणि काय मुळीच करू नये?
२. पदं कोणत्या वर्षाच्या मुलांना द्यावीत? पैसे कसे हाताळावेत?
३. नासाचं (आर्किटेक्चर विद्यार्थ्यांच्या देशव्यापी संघटनेचं) युनिट आणि हा क्लब एकच ठेवावा का?
४. गावातला एक जुना वाडा मोजून त्याची ड्रॉइंग करायची इच्छा आहे. पहिल्या वर्षी बेंच आणि जिना मोजला होता, त्यापलीकडे कुणालाच अनुभव नाही. कुठून सुरुवात करावी?

---

टी_स्क्वेअर

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण क्लब तिथेच मरतात.

आधी कॅलेंडर काढा. सेमिस्टर पंधरा-सोळा आठवड्यांचं धरा. सातवा-आठवा आठवडा मिड-ज्युरीत (अर्ध्या वाटेवर कामाच्या परीक्षणात) जातो आणि शेवटचे चार सबमिशनमध्ये. पहिल्या आठवड्यात निम्मे लोक गावाहून परतलेलेच नसतात. मग क्लबच्या वाट्याला दुसरा ते सहावा आणि नववा ते अकरावा, एवढे आठच आठवडे उरतात. प्रस्तावात "दर शनिवारी उपक्रम" लिहिलंत की सप्टेंबरात तो मोडणार आणि एकदा मोडला की कुणी परत येत नाही. आठ तारखा लिहा, त्या स्टुडिओच्या सरांना दाखवा आणि कोणत्या आठवड्यात मोठं सबमिशन आहे ते त्यांच्याकडूनच भरून घ्या.

पदं. अध्यक्ष तिसऱ्या वर्षाचा, उपाध्यक्ष दुसऱ्या वर्षाचा, आणि पुढच्या वर्षी तोच अध्यक्ष. चौथ्या-पाचव्या वर्षाला पद देऊ नका. ती मुलं इंटर्नशिपला शहराबाहेर जातात, आली की थीसिसमध्ये बुडतात. त्यांना सल्लागार म्हणा, चहा पाजा, सह्यांचे अधिकार देऊ नका. दोन कोर्सेसचा क्लब असल्यामुळे खजिनदार इंटिरिअरचा असावा हे नियमातच लिहून ठेवा, नाहीतर तिसऱ्या महिन्यात तो आर्किटेक्चरचा क्लब झालेला असेल.

कारभाराची सोपवणूक जूनमध्ये नको, जानेवारीत करा. जूनमध्ये जुने निघून गेलेले असतात आणि नव्यांना किल्ली कुणाकडे आहे हेही माहीत नसतं. जानेवारी ते एप्रिल दोन्ही मंडळी एकत्र काम करतात, त्यात चुका दिसतात.

ईमेल, ड्राइव्ह, इन्स्टाग्राम हे सगळं कॉलेजच्या डोमेनच्या पत्त्यावर उघडा. कुणाच्या खासगी जीमेलवर असेल तर तो मुलगा पास झाला की पासवर्डही त्याच्याबरोबर पास होतो.

पैसे कुणाच्याही वैयक्तिक यूपीआयवर घेऊ नका, "फक्त दोन दिवसांसाठी" सुद्धा नको. ऑफिसात स्टुडंट ॲक्टिव्हिटीचं खातं असतं, त्यात क्लबच्या नावाने वेगळा हेड मागा. पावती तिथूनच निघू दे. खर्चाची बिलं कॉलेजच्या नावाने, तारखेसह. साध्या चिठ्ठीवरचा "सनबोर्ड १२००" अकाउंट्सवाले परत पाठवतात, आणि मग खिशातून भरलेले पैसे मार्चपर्यंत अडकतात. दोन हजारांवरच्या खरेदीला तीन कोटेशन लागतात का हे आधीच विचारून घ्या.

काय करू नये ते दोन ओळींत. एक, टी-शर्ट. दोन, क्लबच्या नावावर पैसे घेऊन फ्लॅटचं इंटिरिअर किंवा बंगल्याचा प्लॅन. १९७२च्या आर्किटेक्ट्स ॲक्टनुसार कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी झाल्याशिवाय स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही. तेव्हा पोस्टरवर "यंग आर्किटेक्ट्स" लिहायची हौसही आवरा, "आर्किटेक्चर विद्यार्थी" पुरेसं आहे.

जाता जाता: आज आपण जिला आयआयए (इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स) म्हणतो त्या संस्थेचं मूळ १९१७ मध्ये मुंबईत जे.जे.च्या माजी विद्यार्थ्यांनी काढलेल्या आर्किटेक्चरल स्टुडंट्स असोसिएशनमध्ये आहे. पहिले अध्यक्ष गेटवे ऑफ इंडियावाले जॉर्ज विटेट. आजचं नाव आलं १९२९ मध्ये. प्राचार्यांच्या प्रस्तावात ही ओळ घाला, असल्या ओळींनी सह्या लवकर होतात.

---

कडीपाट

चौथ्या प्रश्नाचं उत्तर लांबलचक आहे, पण माझ्या मते क्लबचं वर्षाचं मुख्य काम हेच असावं. व्याख्यान संपलं की संपलं. ड्रॉइंगचा संच पुढच्या बॅचच्या हाती राहतो, आणि वाडा पाडला गेला तरी तो कागदावर उरतो.

कोणता वाडा. केंद्र किंवा राज्य पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित यादीतली वास्तू पहिल्या वर्षी घेऊ नका. परवानगीचा पत्रव्यवहार तुमच्या सेमिस्टरपेक्षा लांब चालतो. खासगी, राहता, एक चौक आणि दोन मजले असलेला वाडा पाहा. जागा साधारण १८ × २७ मीटरपर्यंत असावी. १:५० प्रमाणाला तो ३६ × ५४ सेंटिमीटर येतो, म्हणजे ए-१ शीटवर मापांच्या रेषांसकट आरामात बसतो. यापेक्षा मोठा घेतलात तर प्लॅन दोन शीटवर तोडावा लागतो आणि सगळी मजा जाते.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात लाकूड फुगलेलं असतं, कौलं गळतात आणि वरचा मजला भरवशाचा नसतो.

सामान. लेझर मीटर २ (६,०००), ३० मीटरचे टेप २ (१,०००), ५ मीटरचे टेप ६ (९००), ओळंबे ३ (६००), पाणसळीची, म्हणजे पाण्याने पातळी बघायची, पारदर्शक नळी १५ मीटर (३००), ए-३ क्लिपबोर्ड ६ (९००), नक्षीचा आकार उचलायचा प्रोफाइल गेज १ (५००), टॉर्च २ (८००). झाले ११,०००. भाव गावागणिक थोडे वरखाली होतील. लेझर एकच परवडत असेल तर एकच घ्या, पण पाणसळीची नळी वगळू नका. सगळ्यात स्वस्त वस्तू तीच आणि सगळ्यात उपयोगीही.

माणसं. बारा. तिघांच्या तीन तुकड्या, फोटोला दोघं, आणि एक जण नुसता फिरून तपासणारा. तुकडीत एक टेपचं शून्य धरतो, दुसरा वाचतो, तिसरा लिहितो. वाचणाऱ्याने आकडा सुटा सुटा बोलायचा, "तीन दोन सात पाच". लिहिणाऱ्याने तो मोठ्याने परत म्हणायचा. "साडेतीन" आणि "साडेतीनशे"चा घोळ यानेच टळतो. सगळी मापं मिलिमीटरमध्येच. एकाने फूट-इंचात घेतलं की दिवस वाया.

क्रम. पहिला अर्धा दिवस टेप पिशवीतच राहू द्या. डोळ्यांनी बघून प्रत्येक खोलीचं स्केच काढा, शीटभर मोठं. आकडे लिहायला जागा हवी, आणि सगळ्यांची पहिली चूक म्हणजे स्केच तळहाताएवढं काढणं. खांबांना क्रमांक द्या, खोल्यांना अक्षरं द्या. वाड्यातली माणसं जी नावं वापरतात ती, म्हणजे देवडी, सोपा, माजघर, पोटमाळा, स्केचवर लिहून घ्या. "रूम ३" लिहिलेल्या कागदावरून रात्री काहीच उमगत नाही.

मग चौक. चौकाच्या चारही बाजू आणि दोन्ही कर्ण मोजा. हा तुमचा सांगाडा, बाकी सगळं याला बांधायचं. वाड्यांचे चौक काटकोनात नसतात, डोळ्याला मात्र तसे वाटतात. म्हणून प्रत्येक खोलीलाही चार बाजू आणि किमान एक कर्ण. दोन घेतलेत तर दुसऱ्याने पहिला तपासता येतो.

ओळीने खांब असतील तर खण (दोन खांबांमधलं अंतर) सुटे मोजू नका. टेपचं शून्य पहिल्या खांबावर धरून सलग माप घ्या: ०, १४८०, २९६५, असं पुढे. बारा खणांची ओसरी सुटी सुटी मोजली आणि दर खणाला ५ मिमीची चूक एकाच बाजूला झाली, तर टोकाला ६० मिमी जमा होतात. सलग मापात चूक त्या एका खांबापुरतीच राहते.

उंचीसाठी पाणसळ. चौकाच्या फरशीपासून १ मीटरवर एक बिंदू ठरवा आणि नळीने तो सगळ्या खोल्यांत न्या. खडूने किंवा मार्करने भिंतीवर रेघ ओढू नका, मास्किंग टेपचा तुकडा लावा आणि संध्याकाळी काढा. जुन्या रंगावर तो चिकटवायचाच नाही, तिथे दाराच्या चौकटीवर लावा. नळीत बुडबुडा अडकला असेल तर पातळी चुकते. पाणी भरल्यावर नळी उजेडात धरून टोकापासून टोकापर्यंत बघा. नेताना दोन्ही तोंडांवर अंगठा, वाचताना दोन्ही अंगठे काढलेले. एकच काढला की पाणी खोटं बोलतं.

भिंतीची जाडी दार-खिडकीच्या खाचेत मोजा. तळमजल्यावर भिंती अनेकदा दोन-अडीच फुटांच्या आणि वर त्याहून कमी असतात. खालची जाडी वर कॉपी-पेस्ट केलीत की सेक्शनमध्ये (उभ्या छेदात) भिंत हवेत लटकते. वरचा आणि खालचा प्लॅन एकमेकांवर बसवायला चौकाच्या दोन कोपऱ्यांतून ओळंबा सोडा. जिन्यावरून ते जुळवायला जाऊ नका. खांब तळखड्याजवळ (खांबाखालच्या दगडाजवळ) आणि वर तुळईखाली असे दोनदा मोजा, शंभर-दोनशे वर्षांत तो कललेला असू शकतो.

उपकरणांच्या खोड्या. लेझर मीटरमध्ये माप पुढच्या कडेपासून की मागच्या, हे बदलता येतं. बटण चुकून दाबलं गेलं की प्रत्येक मापात उपकरणाच्या लांबीएवढा, म्हणजे दहा-बारा सेंटिमीटरचा फरक पडतो, आणि सगळीच मापं सारखी चुकल्यामुळे संशयही येत नाही. रोज सकाळी टेपने मोजलेल्या एका अंतरावर लेझर तपासा. उन्हात ठिपका दिसत नाही, समोर पांढरं कार्ड धरा. कापडी-फायबर टेप ताणला की लांबतो आणि सैल सोडला की झोळ पडतो. काही लांब टेपांचं शून्य कडीच्या टोकाला असतं, काहींचं थोडं आत. दोन टेप वेगळ्या प्रकारचे असतील तर त्यावर तसं लिहून ठेवा.

तपासणी. बाहेरची एकूण लांबी एका बाजूला, आतल्या खोल्या अधिक भिंती दुसऱ्या बाजूला. २७ मीटरवर २५ मिमीपर्यंत फरक आला तर सोडून द्या. त्याहून जास्त असेल तर कुठली तरी भिंत राहिली आहे किंवा कोनाडा भिंतीत धरला गेला आहे. ही बेरीज वाड्यातच करायची, हॉस्टेलवर नाही.

त्याच रात्री कच्चं ड्रॉइंग घाला. ऑटोकॅडमध्ये ऑर्थो (रेषा फक्त आडव्या-उभ्याच काढणारी सोय) बंद ठेवा. ऑर्थो चालू असला की ८८ अंशांचा चौक निमूटपणे ९० चा होतो आणि राहिलेला फरक शेवटच्या खोलीत जाऊन बसतो. बाजू आणि कर्णांची वर्तुळं काढून छेदबिंदू घ्या. जे माप सापडत नाही त्याची यादी करा. तिसरा दिवस मुद्दाम रिकामा ठेवलेला असतो तो या यादीसाठी.

जीव. वरच्या मजल्यावर एका खणात चारच्या वर माणसं नकोत. कडीपाटाची (मजल्याखालच्या लाकडी कड्या-फळ्यांची) टोकं भिंतीत गेलेली असतात आणि ओल तिथेच धरते. मधून धडधाकट दिसणारं लाकूड टोकाला भुसा झालेलं असू शकतं. आधी खालून टॉर्चने तुळयांची टोकं बघा, लाकडी हातोडीने हलके ठोका. बदबद आवाज आला तर त्या खणावर जायचं नाही, माप लेझरने दारातून. पोटमाळ्यावर वटवाघळांची विष्ठा असते, मास्क घाला. कौलांवर चढणं पूर्ण बंद. छपरासाठी आतून आढं, पाख आणि वासे मोजले की पुरतं.

शेवटी हाती काय. दोन प्लॅन, चौकातून जाणारे दोन सेक्शन, रस्त्याकडचं एक एलेव्हेशन, हे १:५० ला. महिरप, तळखडा आणि एका दाराचा तपशील १:५ ला. शिवाय कुठे भेग, कुठे ओल, कुठे कुजलं आहे ते दाखवणारं एक शीट. सात शीट झाली. सहा आठवड्यांत ती पुरी होत नसतील तर तपशील कमी करा, सेक्शन कमी करू नका.

---

दिंडी_दरवाजा

वरचं सगळं मान्य, पण कडीपाट यांनी दाखवलेल्या वाटेवर एक खड्डा आहे. "वाडा मोजणारच आहोत तर नासाला पाठवू" असं कुणीतरी ऑक्टोबरात म्हणणार.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: वेगळे ठेवा. नासा म्हणजे आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांची देशव्यापी संघटना, १९५७ पासूनची. कॉलेज तिचं युनिट असतं, त्याचा युनिट सेक्रेटरी असतो, झोनचं आणि वर्षाचं अशी अधिवेशनं भरतात आणि ट्रॉफ्या असतात. तिचं वेळापत्रक बाहेरून येतं, तुमच्या आठ आठवड्यांशी त्याला देणंघेणं नाही. शिवाय तिथे इंटिरिअरच्या मुलांना जागा नाही. क्लब आणि युनिट एक केलंत की निम्मे सभासद पहिल्या दिवसापासून प्रेक्षक.

डॉक्युमेंटेशनची, म्हणजे वास्तू मोजून नोंदवण्याची, लुई कान ट्रॉफी आहे, ती प्रत्येकाच्या डोळ्यापुढे असते. पण ब्रीफचा (स्पर्धेने दिलेल्या कामाचा) विषय वर्षागणिक बदलतो. आधीच ठरवलेला वाडा ब्रीफमध्ये कोंबायला गेलं की वाडाही बिघडतो आणि एंट्रीही. मग दहा-बारा जणांची ट्रॉफी टीम रात्री जागते, उरलेले पन्नास "काही मदत हवी का" विचारून थकतात आणि डिसेंबरात क्लब म्हणजे ती टीमच. म्हणून उलटं करा: वाड्यावर मोजायला शिकलेली मुलं युनिट उसनी घेईल. ड्रॉइंग क्लबची, टीम युनिटची, पैसेही वेगळे.

स्पर्धेत पडलातच तर दोन किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी. बहुतेक स्पर्धांत शीटवर कॉलेजचं नाव चालत नाही, फक्त कोड. नाव टायटल ब्लॉकमधून (शीटच्या कोपऱ्यातल्या नाव-माहितीच्या चौकटीतून) काढलेलं असतं पण फोटोतल्या मुलाच्या टी-शर्टवर राहतं (टी-शर्टविरुद्ध आणखी एक मुद्दा), नाहीतर पीडीएफच्या प्रॉपर्टीजमध्ये. दुसरं, फाइलचा आकार. ए-१ शीट ३०० डीपीआयला पूर्ण चित्र म्हणून काढलं तर ७०१६ × ९९३३ पिक्सेल, दाबल्याशिवाय २०० एमबीच्या वर. १५० डीपीआयला ते बरोबर चौथा हिस्सा होतं. रेषा व्हेक्टरच ठेवा आणि फक्त फोटो १५० ला आणा, ड्रॉइंग कुरकुरीत राहतं आणि फाइल हलकी. हे शेवटच्या रात्री अकरा वाजता कळून उपयोग नाही.

कॉलेजात आयजीबीसी (हरित इमारती) किंवा इश्रे (वातानुकूलन) या संस्थांचं स्टुडंट चॅप्टर असेल तर तेही असंच शेजारी राहू द्या. एकत्र भेटी द्या, एकत्र समिती नको.

भेटींचा विषय निघालाच आहे तर, बांधकामावर मुलं नेहमी स्लॅब ओतायच्या दिवशी नेतात. त्या दिवशी गोंगाट, घाई आणि काँक्रीटखाली झाकलेलं सगळं. आदल्या दिवशी जा. सळ्या उघड्या असतात, कव्हर ब्लॉक (सळीभोवती काँक्रीटची जाडी राखणारे ठोकळे) दिसतात. साध्या हवामानात स्लॅबला आणि बीमला किमान २०, कॉलमला ४० मिमी हे काँक्रीटच्या मानकाचे, आयएस ४५६:२०००चे, आकडे स्वतः पट्टी लावून पाहता येतात, इलेक्ट्रिकचे पाइप सळ्यांमधून कसे जातात ते कळतं. एका वेळी वीस जण, बूट आणि हेल्मेट, कॉन्ट्रॅक्टरला दोन दिवस आधी पत्र. चपलेत आलेल्याला गेटवरून परत.

---

अर्धा_खण

मंडळी, एवढं तपशिलात कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. आठ आठवड्यांचा हिशेब खरोखर डोक्यात नव्हता. आणखी दोन शंका.

इंटिरिअरची मुलं म्हणतात, वाडा ठीक, पण आमच्यासाठी काय? त्यांना मॉडेल मेकिंगची कार्यशाळा आणि मटेरिअल लायब्ररी हवी आहे. कॉलेजात नवीन लेझर कटर आला आहे, त्यावर सनबोर्ड कापायचं चाललं आहे.

दुसरी शंका, वाड्याच्या मालकांकडे गेलो तर "तुम्ही कुणाच्या सांगण्यावरून आलात?" हाच पहिला प्रश्न आला. त्यांना काय सांगायचं?

---

लॅमिनेट_एक_मिमी

आधी लेझर कटर. सनबोर्ड लेझरवर कापू नका. बाजारात सनबोर्ड म्हणून मिळतो तो बहुधा पीव्हीसीचा फोम असतो. पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. तो फुप्फुसांना वाईट, आणि ओलाव्यात त्याचं आम्ल होऊन मशीनचे रूळ आणि आरसे खातो. एक्झॉस्ट लावला तरी मशीन वाचत नाही. एमडीएफ ३ मिमी, ॲक्रिलिक २-३ मिमी, माउंटबोर्ड हे चालतं. एखादा प्लास्टिकचा तुकडा कशाचा आहे कळत नसेल तर उघड्या हवेत तांब्याची तार तापवून त्याला लावा आणि परत ज्योतीत धरा. हिरवी ज्योत दिसली तर क्लोरीन आहे, तो शीट कटरपासून दूर. हा नियम खोलीच्या दारावर चिकटवा, शिवाय मशीन चालवणाऱ्या काकांना तोंडी सांगा. दारावरचं कुणी वाचत नाही.

कार्यशाळा हातानेच करा. ८ × ४ फुटांच्या ३ मिमी शीटमधून ३०० × ३०० चे ३२ तुकडे निघतात, म्हणजे एका शीटमध्ये तीस मुलं भागतात. "स्वप्नातलं घर" वगैरे विषय नको, जिना द्या. ३ मीटर उंची, २० चढ प्रत्येकी १५० मिमीचे, पायरी २५० ची. १:२० ला चढ ७.५ आणि पायरी १२.५ मिमी. निम्म्या मुलांचा जिना वर पोहोचेपर्यंत एक पायरी जास्त होणार, कारण २० चढांना पायऱ्या १९ लागतात, विसावी म्हणजे वरचा मजलाच. दुसरी चूक जाडीची: कोपऱ्यात एक तुकडा ३ मिमी कमी कापायचा असतो, ते विसरलं की खोका तिरका. एकदा हे हाताने चुकलं की ड्रॉइंगमध्ये चुकत नाही.

हातातला कटर: ९ मिमीचा बारीक कामाला, १८ चा जाड शीटला. एकदम जोर लावून नाही, तीन वेळा हलके फिरवून कापा. कड दातेरी यायला लागली की पातं मोडून नवं टोक घ्या, बोटं कापतात ती बोथट पात्याने. मोडलेली टोकं एका झाकणाच्या डब्यात. पट्टी स्टीलची, प्लास्टिकची पट्टी स्वतःच कापली जाते. थर्माकोलला फेविक्विक किंवा फेव्हिबॉण्ड लावू नका, ते विरघळून खड्डा पडतो. तिथे साधं फेव्हिकॉल आणि धीर.

मटेरिअल लायब्ररी. कंपन्यांचे कॅटलॉग गोळा करू नका, दोन वर्षांत निम्मे डिझाइन नंबर बंद होतात आणि कपाट भरून जातं. १५० × १५० चे नमुने ठेवा आणि प्रत्येकाच्या मागे चार ओळी: काय आहे, बाजारात कोणत्या मापात मिळतं, भाव तारखेसह, आणि कुठे फसतं. ही चौथी ओळ कुठल्याच कॅटलॉगमध्ये नसते. उदाहरणार्थ, संगमरवर: लिंबू-आम्लाचे डाग कायमचे, किचन ओट्याला विचार करून. प्लायवर आयएस ३०३ (साधं प्लाय) असेल तर सिंकखालच्या कपाटाला नको, तिथे आयएस ७१० (मरीन प्लाय). लॅमिनेट: एकाच बाजूला लावलं तर शटर वाकतं, मागच्या बाजूलाही थर (बॅलन्सिंग) हवाच.

सुरुवातीला चाळीसच नमुने घ्या. कोटा, शहाबाद, कडप्पा, काळा बेसाल्ट, वीट, एएसी ब्लॉक, ६-९-१२-१८ चं प्लाय, एमडीएफ, दोन-तीन टाइल, बिजागरं. दुकानदार तुटके तुकडे फुकट देतात, फक्त दुपारी दोन ते चार जा, गिऱ्हाइकाच्या वेळी नको. दगड सगळ्यात खालच्या फळीवर. १५० × १५० × २० चा कोटा सव्वा किलोच्या आसपास भरतो. चाळीस दगड झाले की फळीवर पन्नास किलो, आणि १२ मिमीची लांब फळी मध्ये पोट काढते.

पैशांची मांडणी मग अशी होईल: मोजणीचं सामान ११,०००, प्रिंट ४,०००, प्रवास-चहा ५,०००, लायब्ररीच्या फळ्या आणि कपाट ५,०००, कार्यशाळा ४,०००, आणि ४,००० हात न लावता. बरोबर ३३,०००. दुसऱ्या वर्षी सामानाचे अकरा हजार मोकळे होतात.

---

कडीपाट

मालकांच्या प्रश्नाबद्दल. त्यांची शंका रास्त आहे. जुन्या वाड्यात टेप घेऊन येणारा माणूस म्हणजे बिल्डरचा, नगरपालिकेचा किंवा वाटणीच्या दाव्यातल्या दुसऱ्या भावाचा. भाडेकरू असतील तर त्यांना वाटतं घर खाली करायची तयारी चालली आहे. तेव्हा पहिल्या भेटीला टेप नेऊच नका. सरांना घेऊन दोघं-तिघं जा, कॉलेजच्या लेटरहेडवरचं मराठी पत्र द्या आणि दुसऱ्या एखाद्या इमारतीची आधीची शीट दाखवा. मुलांनी मोजलेल्या कॉलेजच्या जिन्याचीही चालेल. कागद बघितला की लोकांना काम कळतं.

पत्रात एवढं हवं: कोण येणार, किती जण, कोणते तीन दिवस, किती ते किती. जेवणाच्या आणि पूजेच्या वेळी माजघर व देवघर मोजायचं नाही. काहीही हलवायचं, खरवडायचं नाही. संमतीची सही एकट्या थोरल्या काकांची पुरत नाही. वाड्यात जितकी कुटुंबं राहतात, भाडेकरूंसकट, तितक्यांची घ्या. एकाने नाही म्हटलं तर त्याच्या खोल्या प्लॅनवर रिकाम्या सोडा आणि "प्रवेश नाही" लिहा. तसं ड्रॉइंग अपुरं नसतं, प्रामाणिक असतं.

कुणाच्या वाटणीला कोणती खोली हे प्लॅनवर दाखवू नका, सांगितलं तरी. तिजोरी, दागिन्यांचा कोनाडा, तळघराची वाट असं काही दिसलं तर ते ऑनलाइन जाणाऱ्या प्रतीतून वगळा. घरातल्या माणसांचे फोटो विचारल्याशिवाय नाही. ड्रोन उडवायचा असेल तर २५० ग्रॅमच्या आतल्याला पायलटचा परवाना लागत नाही, पण सरकारच्या ड्रोन नकाशावर झोन (तिथे उडवायला परवानगी आहे का) बघावाच लागतो. आणि शेजारच्या अंगणात धुणं वाळत असतं, तेव्हा त्यांनाही सांगून या.

काम झालं की महिन्याच्या आत ए-१ प्रिंटचे दोन संच आणि पीडीएफ घरपोच द्या, वाड्याची सगळी कुटुंबं हजर असताना. प्रत्येक शीटच्या खालच्या कोपऱ्यात टायटल ब्लॉकला लागून एक ओळ टाका: "शैक्षणिक अभ्यासासाठी केलेलं मापन. हा भूमी अभिलेखचा मोजणी नकाशा नाही, हद्द किंवा मालकी ठरवण्यासाठी वापरू नये." अक्षर ५ मिमीचं ठेवा, म्हणजे झेरॉक्समध्येही वाचता येईल.